न बांधलेला जिना पाडताना

“वाट अरुंद, मन रुंद, पुढच्यासाठी वेग मंद.”

हा आवाज बाबांचा. मी सहा-सात वर्षांचा असेन. सकाळी अंथरुणात डोळे मिटून पडलेला असलो की खिडकीतून आधी हा आवाज आत यायचा, मागोमाग पेट्रोलचा वास, आणि मग गिअर बदलल्याचा असा काही खडखडाट, की पत्र्याच्या डब्यात कुणी खडे घालून हलवतंय असं वाटावं. बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवत. माणूस नियम विसरतो, यमक विसरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून रस्त्याच्या एकेका नियमाला त्यांनी यमकाची शेपटी लावून दिली होती. ‘आरसा बघ, इशारा दे, मगच चाक हाती घे.’ ‘उतारावर गिअर धर, देवावरचा भार कमी कर.’ चौतीस वर्षांत निम्म्या शहराने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला. अजूनही सिग्नलला उभ्या गाडीतून एखादा टक्कल पडलेला गृहस्थ काच खाली करून ‘मास्तर’ म्हणतो, आणि म्हणताना दोन्ही हात चाकावर नीट ठेवतो.

मला मोटार चालवता येत नाही.

या वाक्याला मी वेगळा परिच्छेद दिला, कारण आमच्या घरात त्याला नेहमीच तेवढी जागा मिळत आली आहे. परवान्याची परीक्षा मी चार वेळा दिली. पहिल्या तीन वेळांबद्दल दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. चौथ्या वेळी परीक्षकांचं टेबल मैदानाच्या कडेला झाडाखाली सावलीत होतं. मी ते उन्हात आणलं.  वाईट विद्यार्थ्याला बाबा ओरडत, त्याहून वाईटाला समजावत, आणि ज्याच्यापुढे हात टेकले त्याच्याशी हवापाण्यावर बोलत. त्या दिवशी घरी येईपर्यंत ते माझ्याशी ढगांबद्दल बोलले.

पुढे मी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक झालो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांच्यावर लाल खुणा करायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या ऐकायच्या, असा हा समतोल पेशा आहे.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. शाळा कधीच बंद झाली. पण शिकवायची गाडी त्यांनी ठेवून घेतली. तिला अजून दोन ब्रेक आहेत, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. त्या गाडीतून ते आठवड्यातून तीनदा आत्याला शहराच्या पलीकडच्या टोकाला गुडघ्याच्या व्यायामाला नेतात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी, मुक्काम आमच्या खालच्या खोलीत. ती मागे बसते आणि दार लागताच डोळे मिटून घेते. धाकटा भाऊ गाडी चालवत असताना रस्त्याकडे बघणं हा त्याच्यावरचा अविश्वास होईल, असं ती म्हणते. गेल्या कित्येक वर्षांत तिने हे शहर पाहिलेलं नाही. दवाखाना पाहिला आहे.

तर गेल्या वर्षभरात गाडीच्या डाव्या अंगावर ओरखडे यायला लागले. पहिला आमच्या फाटकाच्या खांबाचा. जमीन खचली की खांब सरकतात, असं बाबांनी सांगितलं. दुसरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्त्रीवाल्याच्या पाटीचा. त्याने पाटी मोठी केली होती म्हणे. इस्त्रीवाल्याने पाटी मोठी केली नव्हती, पण तो बाबांकडेच गाडी शिकला होता. त्याने मान डोलावली आणि पाटी लहान करून घेतली. तिसरा ओरखडा माझ्या बायकोच्या स्कूटरचा. इथे मात्र बाबांचा विद्यार्थी भेटला नाही.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. ती कुठलीही गोष्ट तीन पायऱ्यांत सांगते. “गाडी बाबा चालवतात. मागे आत्या असतात. आता पुढचा खांब कुठला, एवढाच प्रश्न आहे.” मग तिने मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर मी बाबांना गाडी बंद करायला सांगायचं, नाहीतर ती सांगणार. ती एकदा सांगते तेव्हा ते सांगितलेलं राहतं, पुसता येत नाही. बाबांना ते तिच्या तोंडून ऐकावं लागू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

मी वाक्य तयार केलं. ‘बाबा, तुम्ही आता गाडी चालवणं थांबवावं.’ मग सवयीप्रमाणे त्याचं मुद्रितशोधन केलं. ‘आता’ उगाच बोचत होतं, ते काढलं. ‘थांबवावं’ फार कडक, त्याचं ‘कमी करावं’ केलं. ‘तुम्ही’मध्ये बोट दाखवल्यासारखं वाटत होतं. शेवटी ‘बाबा’ तेवढं उरलं. ते मी म्हणालो. ते म्हणाले, काय? मी म्हणालो, चहा घेणार का?

नेमक्या त्याच दिवसांत शहरात बिनचालकाच्या गाड्या सुरू झाल्या. पांढऱ्या, गोल पाठीच्या, डोक्यावर उपडा डबा घेतलेल्या. फोनवरून बोलवायची, ती येते, दार उघडते, नेऊन सोडते. मला वाटलं, सुटलो. आत्या त्या गाडीतून जाऊ लागली की बाबांची गाडी आपोआप अंगणात उभी राहील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. आयुष्यातली निम्मी यंत्रं माणसाने कुणाला काही सांगावं लागू नये म्हणूनच शोधली असावीत.

बाबांपुढे विषय काढला. त्यांनी पेपर खाली केला, थोडा वेळ विचार केला, आणि अट घातली. गाडी दारात आली तर ते स्वतः तिच्यात बसून बघतील, आणि पटली तर अक्काला, म्हणजे आत्याला, दर वेळी तिच्यातून पाठवतील. पण दारात. “चौकात जाऊन बसायला ती काय पार्सल आहे?”

मला ती अट अगदीच किरकोळ वाटली.

पहिल्या दिवशी गाडी इस्त्रीवाल्यापाशी आली आणि थांबली. माझ्या फोनमधून एक गोड बाई म्हणाली की आपली गाडी आपल्या दारात उभी आहे. मी दारात उभा होतो. तिथून गाडी एकशे ऐंशी पावलांवर होती. मी हात केला. गाडीने दिवे उघडझाप केले. पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे असे बघत होतो, लग्न ठरवायला आलेल्या दोन लाजऱ्या माणसांसारखे, आणि मग ती निघून गेली. तिच्या मागोमाग बाबा आत्याला घेऊन बाहेर पडले. इस्त्रीवाल्यापाशी त्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला.

फोनवर नकाशा उघडून पाहिला तेव्हा खुलासा झाला. नकाशात आमची गल्ली म्हणजे जिना होता. इस्त्रीवाल्याच्या पुढे, जिथून आमच्या घरांची रांग सुरू होते, तिथून थेट गल्लीच्या टोकापर्यंत बारीक आडव्या रेघा, पायऱ्यांच्या. आणि गाडी कितीही शहाणी असली तरी जिना चढत नाही.

आता, चूक दिसली की माझा हात आपोआप शिवशिवतो. पंचवीस वर्षांत मी भूगोलाच्या पुस्तकात दोन नद्या उलट्या वाहायच्या थांबवल्या आहेत. एक जिना म्हणजे काय. मी नकाशावर बोट ठेवलं, ‘चूक कळवा’ दाबलं, आणि स्वच्छ भाषेत लिहिलं की इथे जिना नाही, कधी नव्हता, सपाट रस्ता आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. माझ्यासारख्या जागरूक नागरिकामुळेच नकाशे सुधारतात, त्याबद्दल आभार. मात्र माझी सूचना नगरपालिकेच्या नोंदींशी जुळत नसल्यामुळे नाकारण्यात येत आहे.

इथे दुर्बीण यांचा सल्ला मिळाला. दुर्बीण म्हणजे आमचे समोरचे शेजारी; हे नाव गल्लीने ठेवलेलं. खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते गॅलरीत असतात. कुठलं खातं ते अजून कळलेलं नाही, पण ते ‘आमच्या खात्यात’ असं म्हणतात तेव्हा पुढे वाद घालायची सोय राहत नाही. त्यांचं म्हणणं पडलं की या गाड्या नकाशाबिकाशा काही बघत नाहीत, त्या रस्त्यावर रंगवलेलं वाचतात. गल्लीच्या तोंडाशी पांढरा बाण काढा, आत वळणारा. गाडी येते की नाही बघा. नसेल पटत तर सोडा, मला काय, मी आपला बघणारा माणूस.

मी बाण काढला. रविवारी सकाळी, गुडघ्यांवर बसून, छापखान्यातला ब्रश घेऊन. गल्लीतल्या प्रत्येकाने थांबून बाण कसा असावा ते सांगितलं. इस्त्रीवाला म्हणाला, टोक बारीक झालं. दुर्बीण वरून म्हणाले, शेपूट वाकडी. बाबा सकाळचं फिरून येताना बाणाच्या डाव्या अर्ध्यावरून ओल्या रंगात पाय देऊन गेले, आणि घरभर दारापासून खुर्चीपर्यंत एकेरी पांढरी पावलं उमटली. बायकोने पावलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

गाडी बाणापर्यंत आली, आणि परत गेली.

मग मी नगरपालिकेत गेलो. नोंदी असतात ती खोली तळघरात आहे. तिथले कारकून पन्नाशीचे, मनगटावर रबरबँड घातलेले. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मान वर केली. मास्तरांचे चिरंजीव का? मी हो म्हणालो.  मास्तरांनी त्यांना एकदा एकाच दुपारी अठरा वेळा गाडी मागे घ्यायला लावली होती. अठराव्या वेळी जमलं, पण तोवर त्यांची तिथून निघायची बस गेली होती. हे त्यांनी मला अतिशय शांतपणे सांगितलं, आणि फाईल काढायला गेले.

फाईल आली. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून ओढ्यावर उतरणारा जिना मंजूर झाला होता. त्याचा आराखडा होता, काम सुरू झाल्याची नोंद होती, काम पूर्ण झाल्याचीही नोंद होती. नव्हता तो फक्त जिना. पण ते तपशिलात गेलं. नकाशावाल्या कंपनीने सगळ्या रेघा इथूनच उचलल्या होत्या.

मी कारकुनांना म्हणालो की ही नोंद काढून टाका. ते म्हणाले, नोंद अशी काढता येत नाही. जिना नोंदीतून काढायचा तर तो आधी पाडावा लागतो.

“पण जिना नाहीच, तर पाडायचा काय?”

“तो तुमचा प्रश्न झाला. आमच्याकडे जिना आहे, आणि चांगल्या स्थितीत आहे. गेल्याच वर्षी पाहणी झाली.” त्यांनी पाहणीचा कागद फिरवून माझ्यापुढे केला. सातव्या पायरीला किरकोळ तडा, बाकी उत्तम, असा शेरा होता.

मी पाडकामाचा अर्ज केला. कारण या रकान्यात ‘वापर नाही’ असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. त्यांनी अर्ज वाचला, रबरबँड ताणून सोडलं, आणि परत दिला. पाडण्याआधीचं छायाचित्र जोडलेलं नाही. मी घरी आलो, गल्लीचं छायाचित्र काढलं, घेऊन गेलो. त्यांनी ते ‘पाडल्यानंतरचे’ या जागी लावलं आणि म्हणाले, छान, आता आधीचं आणा. मी म्हणालो की आधीही असंच होतं. ते म्हणाले, मग पाडलंत काय?

अठरा वेळा मागे घेतलेली गाडी त्या माणसाच्या मनात अजून उभी होती. मी एकूण सहा खेपा घातल्या. आणि पंचवीस वर्षांत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे न करणाऱ्या मी सहाव्या खेपेला छापखान्याच्या मागच्या जिन्याचं छायाचित्र काढून जोडलं. खाली उभं राहून, किंचित तिरकं, म्हणजे कागदाची गाठोडी दिसू नयेत. कारकुनांनी ते दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं.

“चांगला जिना होता हो,” ते म्हणाले. “पाडायला नको होता.”

आणि शिक्का मारला.

तोवर महिन्याचे चार दिवस उरले होते. मधल्या काळात बाबा आत्याला आठवड्यातून तीनदा नेत-आणत होतेच. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभा राहायचो, आणि परत यायच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून परत फाटकात. छापखान्यातून फोन करायचो. आत्या आली का? आली, असं ऐकू आलं की पुढची ओळ वाचायचो. त्या महिन्यात चौथीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या हातून ‘हृदय’ दोनदा चुकीचं गेलं.

शेवटच्या सोमवारी सकाळी फोनवर निरोप आला. आपल्या सूचनेनुसार नकाशा सुधारण्यात आला आहे. मी उघडून पाहिलं. पायऱ्या गेल्या होत्या. गल्ली गुळगुळीत, पांढरी, रुंद दिसत होती. थोडी जास्तच लांब दिसत होती. पूर्वी जिना जिथे संपत होता, तिथे ओढ्यापलीकडचा मोठा रस्ता होता. जिना काढल्यावर मध्ये जी फट पडली ती कुणीतरी प्रामाणिकपणे बुजवून दोन्ही रस्ते जोडून दिले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन पुरुष उंचीची दगडी भिंत आहे. ती नकाशात नव्हती. भिंत आहे असं आजवर कुणी कळवलंच नव्हतं, कारण जिन्याच्या शेवटी भिंत कशी असेल?

पहिली गाडी पावणेनऊला आली. ती माझ्यासाठी आली असं समजून मी पुढे झालो. ती मला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि थांबली. तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरी. शहराच्या त्या बाजूला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आता आमच्या गल्लीतून होता, आणि हे सगळ्या गाड्यांना एकदमच कळलं होतं. तोंडाशी माझा बाण होता, तोही आत या म्हणत होता. नऊ वाजेपर्यंत अकरा गाड्या एकीमागे एक उभ्या होत्या, कुरणाच्या बंद फाटकाशी थबकलेल्या गाईंसारख्या, शांत, कुणावर राग नाही, फक्त पुढे जायचंय. काहींत माणसं होती. एका गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मला विचारलं, इथे काय आहे? मी म्हणालो, आम्ही राहतो.

दुर्बीण गॅलरीतून मोजत होते. मोजणी अकरावर गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मी नकाशा दुरुस्त करायला कुणाला विचारून गेलो होतो.

बायकोची स्कूटर आत अडकली. तिचा पहिला तास होता. ती फाटकात हेल्मेट घालून उभी राहिली. तिन्ही पायऱ्या मला न सांगता कळल्या.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. आत्याची वेळ होत आली होती आणि त्यांची गाडीही आत कोंडली गेली होती. त्यांनी रांगेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा पुसला. मग गल्लीच्या तोंडाशी सर्वांत मागच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले, बॉनेटवर हलकेच हात ठेवला, आणि तिच्या अंगावर चालून गेले. एक पाऊल, मग एक पाऊल. गाडी बिचकली. मागे सरली. बाबा पुढे, गाडी मागे, असं करत त्यांनी ती रस्त्यावर नेऊन सोडली, हाताने वाट दाखवली, आणि परत आले. मग दुसरी. “मान वळव, मग गाडी वळव,” ते प्रत्येकीला म्हणत होते. त्यांना मान नव्हती, पण त्या वळत होत्या. सकाळच्या उन्हात माझा म्हातारा बाप पांढऱ्या गाड्यांचा कळप एकेक करून बाहेर काढत होता आणि त्याच्या पावलांत असा काही ताल आला होता, की इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून बघत राहिला. सहाव्या गाडीच्या वेळी बाबांचं डावं कोपर बाजूच्या एका गाडीवर आपटलं. गाडी केव्हाची थांबलेली होती. तिने इशारा दिला नाही, असं ते तिला म्हणाले.

अकरावी बाहेर पडल्यावर ते घाम पुसत माझ्यापाशी आले. कित्येक वर्षांत इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. “एका सकाळीत इतकं शिकणारी मुलं मला मिळाली नाहीत,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, दुखवायचा हेतू नसताना, “मागे तर तुझ्यापेक्षा फारच सुरेख घेतात.”

मी आकाशाकडे पाहिलं. ढग होते.

त्याच दुपारी कंपनीने एक इंजिनीअर बाई पाठवली. तिशीतली, हातात पाटीसारखा संगणक, बूट धुळीने भरलेले. तिने गल्ली चालत पाहिली, भिंतीला हात लावून पाहिला, माझा बाण पाहिला, आणि हा कुणी काढला असं विचारलं. दुर्बीण वरून म्हणाले, यांनी. तिने भिंत नकाशात घातली, गल्ली भिंतीपर्यंतच ठेवली, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आत्याच्या व्यायामाच्या वेळेला, गाडी आमच्या दारात आली. अगदी दारात, फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतर राखून. चूक राहू नये म्हणून बाई स्वतः बरोबर येणार होती.

अट पुरी झाली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पुढच्या डाव्या जागेवर बसले, चौतीस वर्षं बसत होते तिथे. उजव्या जागेवर, चाकापुढे, कुणीच नव्हतं. मागे आत्या, मी आणि बाई. आत्याने डोळे मिटले. गाडी निघाली, आणि बाबांच्या उजव्या पायाने खाली नसलेला ब्रेक दाबला.

मग त्यांनी बाईची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. हिला रस्ता कसा कळतो? बाईने सांगितलं की नकाशा ही तिची आठवण, आणि डोक्यावरचा डबा हे तिचे डोळे. बाबा म्हणाले, बरं, आणि नकाशात रस्ता आहे, पण काल रात्री कुणी खणून ठेवला तर? तर डोळ्यांना दिसतं, ती म्हणाली.

“म्हणजे आठवण एक सांगते आणि डोळे दुसरं. मग ऐकते कुणाचं?”

“डोळ्यांचं. रस्ते रोज बदलतात मास्तर, नुसत्या नकाशावर विसंबता येत नाही. आणि डोळ्यांनाही खात्री नसली तर ती थांबते, आणि आमच्या कचेरीत कळवते की मला नीट दिसत नाहीये, कुणीतरी बघा.”

बाबांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “असं कळवायला तिला लाज नाही वाटत?”

“कुणाला?”

“गाडीला.”

बाई हसली. तिला वाटलं, म्हातारबुवा गमतीशीर आहेत. मी हसलो नाही. बाबा विनोद करतात तेव्हा त्यांची मान ताठ असते. या वेळी ती नव्हती.

दवाखान्याच्या आधीच्या वळणावर गाडी थांबली. बाबांनी समोर पाहिलं आणि म्हणाले की का थांबली ही, रस्ता मोकळा आहे, इथे काही नसतं, इथून मी परवाच गेलो. गाडी हलली नाही. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं. पुढे जा, म्हणाले, सरळ आहे.

डावीकडे, त्यांच्या दारापासून चार हातांवर, रस्ता खणलेला होता. ताज्या मातीचा ढीग, दोन पिंपं, त्यांना बांधलेली पट्टी, आणि पट्टीच्या पुढे रस्त्यातच पाठमोरी उभी असलेली एक कामकरी बाई, घमेलं डोक्यावर चढवत असलेली. इतकी जवळ, की तिच्या मानेवरचा घाम दिसत होता. बाबा सरळ समोर बघत होते. मोकळ्या रस्त्याकडे.

इंजिनीअर बाईने तोंड उघडलं, पण मी तिच्या हातावर हात ठेवला. हे माझं वाक्य होतं. महिनाभर मी ते खोडत आलो होतो.

“बाबा,” मी म्हणालो, “डावीकडे बाई उभी आहे.”

त्यांनी मान वळवली. पूर्ण वळवली, खांद्यासकट, पाखरू वळवतं तशी. मग त्यांना ती दिसली. तिने घमेलं नीट केलं, बाजूला झाली, आणि गाडी हळूच पुढे निघाली. दवाखान्याच्या दाराशी थांबली, दारं आपोआप उघडली. इंजिनीअर बाई उतरली. मी उतरून आत्याला हात दिला. बाबा उतरले नाहीत. त्यांचा उजवा पाय अजून जमिनीवर दाबलेला होता.

“अक्का, थांब,” ते म्हणाले.

ती थांबली. मी तिचा हात धरून उभा राहिलो. बाबा काचेतून समोरच बघत होते आणि इतक्या हळू बोलत होते, की चौतीस वर्षं बंद काचांतून रस्त्यावर ऐकू येणारा आवाज हाच यावर विश्वास बसू नये.

“मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दीड वर्ष झालं. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. इतकी वर्षं हे रस्ते शिकवले, प्रत्येक खड्डा पाठ आहे, म्हटलं चालवू आठवणीवर. तुला मागे बसवून चालवलं, अक्का. तू एकदाही विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू.”